पुण्याचा फॅन ओल्ड ट्रॅफर्डला पोचतोय, पण मँचेस्टरचाच फॅन स्टेडियमबाहेर का राहतोय?

थंडीचे दिवस, शनिवारची रात्र, साडेआठ वाजलेले. पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटवर चार पोरं लाल जर्सी घालून टीव्हीसमोर बसलेली असतात. मॅच सुरू होते. त्या क्षणी इंग्लंडमध्ये दुपारचे तीन वाजलेले असतात, आणि गंमत म्हणजे ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला हीच मॅच घरच्या टीव्हीवर बघता येत नाही.

खोटं वाटेल, पण हे खरं आहे. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉलची मॅच टीव्हीवर लाईव्ह दाखवता येत नाही. १९६०च्या दशकात बर्नली क्लबचे चेअरमन बॉब लॉर्ड यांनी हा आग्रह धरला होता. मोठ्या क्लबांच्या मॅच टीव्हीवर दिसल्या, तर छोट्या गावातले लोक आपल्या गावच्या क्लबची मॅच बघायला जाणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. तो नियम आजही टिकून आहे. भारतात मात्र तो लागू नाही, त्यामुळे इथे त्याच मॅच लाईव्ह दाखवल्या जातात.

म्हणजे मँचेस्टरच्या माणसाला मॅच बघायची तर स्टेडियममध्ये जावं लागतं. आणि नेमकं तेच आता त्याला परवडेनासं झालंय.

दुसरीकडे भारतातून, अमेरिकेतून, कोरियातून लोक आयुष्यात एकदा तरी ओल्ड ट्रॅफर्ड किंवा अ‍ॅनफिल्ड बघायचं म्हणून पैसे साठवून तिकडे जातायत. यात मुंबई-पुण्याची पोरं आहेत, तिकडे शिकायला आणि आयटीत काम करायला गेलेले मराठी लोकही आहेत. मग सोशल मीडियावर वाद पेटतो. तिथले फॅन म्हणतात, "या टुरिस्टांनी आमच्या जागा खाल्ल्या." आपले फॅन म्हणतात, "रात्री जागून आम्ही मॅच बघतो, आम्ही काय कमी फॅन आहोत का?"

खरं कोणाचं? ते कळायला आधी तिकिटामागचं गणित समजून घ्यावं लागेल.

मॅचला जाणं म्हणजे काय?

आपल्यासाठी प्रीमियर लीग म्हणजे टीव्हीवरचा खेळ. तिकडच्या जुन्या फॅनसाठी ती आठवड्याची सवय आहे. लीगमध्ये २० क्लब, प्रत्येकाच्या ३८ मॅच, त्यातल्या १९ घरच्या मैदानावर. या घरच्या मॅचसाठी मिळतं ते सीझन तिकीट. खुर्ची ठरलेली, शेजारी ठरलेले. अनेक घरांत ही खुर्ची आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलाकडे आलेली असते.

कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम समोरासमोर आली की त्या दिवशी पेठेतला माणूस कुठे असतो, हे तिथे लहान पोरालाही माहीत असतं. क्लब म्हणजे आपली पेठ, आपली माणसं. इंग्लंडमधले बहुतेक क्लबही असेच सुरू झाले. मँचेस्टर युनायटेड रेल्वे कामगारांच्या संघातून उभा राहिला, आर्सेनल दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांमधून.

याच्या पुढची पायरी म्हणजे अवे फॅन, म्हणजे दुसऱ्याच्या मैदानावर जाऊन आपल्या टीमला ओरडून पाठिंबा देणारे. न्यूकॅसल ते बॉर्नमथ हे अंतर एका बाजूने साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. मॅच सोमवारी रात्री ठेवली, तर जाणाऱ्याची नोकरीवरची सुट्टी जाते आणि परतायला रात्री ट्रेन नसते. तरी लोक जातात.

आणि याहून वेडे लोकही आहेत. प्रीमियर लीगचे २० आणि त्याखालच्या तीन लीगचे ७२ असे मिळून ९२ क्लब होतात. या ९२ही मैदानांवर जाऊन मॅच बघणाऱ्यांचा एक क्लबच आहे, त्याचं नाव 'नाइन्टी टू क्लब'. त्यांची अडचण अशी की दरवर्षी खालून दोन नवे क्लब वर येतात, जुनी स्टेडियम बंद होऊन नवी बांधली जातात, आणि यादी पूर्ण झालेला माणूस पुन्हा अपूर्ण ठरतो. मे २०२५ मध्ये एव्हर्टनच्या पुरुष संघाने गुडिसन पार्क सोडलं. १८९२ पासून हा क्लब तिथे खेळत होता. नवं स्टेडियम गोदीच्या जागेवर उभं राहिलं, आणि या सगळ्यांना पुन्हा लिव्हरपूलची फेरी आली.

एक दुर्घटना आणि सहा पौंडांची खुर्ची

आज स्टेडियममध्ये जे दिसतं, त्याचं मूळ १५ एप्रिल १९८९ या दिवसात आहे.

शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियमवर एफए कपची सेमीफायनल होती. लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. तेव्हा गोलपोस्टच्या मागे उभं राहून मॅच बघायची जागा असायची आणि लोकांनी मैदानात घुसू नये म्हणून समोर लोखंडी जाळ्या असायच्या. बाहेर गर्दी वाढली म्हणून पोलिसांनी एक गेट उघडलं. लोक बोगद्यातून थेट अशा कप्प्यांत गेले जे आधीच भरलेले होते. पुढे जाळी, मागून रेटा. ९७ लोकांचा जीव गेला. त्यातल्या शेवटच्या माणसाचा मृत्यू तर जखमांमुळे २०२१ मध्ये झाला.

सुरुवातीला पोलिसांनी आणि 'द सन' या वर्तमानपत्राने दोष फॅन्सवरच ढकलला. मृतांच्या कुटुंबीयांनी २७ वर्षं लढा दिला. २०१६ मध्ये ज्युरीने निकाल दिला की हे मृत्यू बेकायदेशीरपणे घडवले गेले आणि फॅन्सची यात काहीही चूक नव्हती. लिव्हरपूल शहरात आजही अनेक दुकानं 'द सन' विकत नाहीत.

या दुर्घटनेनंतर लॉर्ड जस्टिस टेलर यांनी १९९० मध्ये अंतिम अहवाल दिला. मोठ्या क्लबांची स्टेडियम पूर्णपणे खुर्च्यांची असावीत, ही त्यातली सर्वांत गाजलेली शिफारस. १९९४ पासून वरच्या दोन लीगमध्ये ती लागू झाली.

अहवालातली दुसरी गोष्ट मात्र फारशी कोणाला आठवत नाही. खुर्च्या आल्या म्हणून तिकीट फार महागायला नको, असं टेलर यांनी सुचवलं होतं. उदाहरण म्हणून त्यांनी ग्लासगोच्या आयब्रॉक्स स्टेडियमचे दर दिले होते. उभं राहून बघायचं तर ४ पौंड, बसून बघायचं तर ६ पौंड. महागाई धरली तरी ते ६ पौंड आज १५च्या आसपास होतात.

क्लबांनी अहवालातल्या खुर्च्या घेतल्या, दर मात्र घेतले नाहीत.

शिवाय खुर्च्या बसवल्या की जागा कमी होते. अ‍ॅनफिल्डचा प्रसिद्ध 'कॉप' स्टँड घ्या. दक्षिण आफ्रिकेतल्या स्पियन कॉप टेकडीवरच्या १९०० सालच्या लढाईवरून हे नाव आलंय. त्या लढाईत जखमींना स्ट्रेचरवरून नेणाऱ्या भारतीय पथकात मोहनदास गांधी होते. या स्टँडमध्ये एकेकाळी २५ हजारांहून जास्त लोक उभे राहायचे. आज तिथे १२ हजारांच्या आसपास खुर्च्या आहेत. जागा निम्मी झाली आणि मागणी मात्र जगभर पसरली, कारण १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि टीव्हीचा पैसा आला.

क्लबला तिकिटाच्या पैशांची किती गरज आहे?

इथे आकडे बघू. मँचेस्टर युनायटेडचं २०२४-२५ या वर्षाचं एकूण उत्पन्न होतं ६६.६५ कोटी पौंड. त्यात स्पॉन्सर, जर्सी वगैरे व्यापारातून आले ३३.३३ कोटी. टीव्ही हक्कांमधून १७.२९ कोटी. आणि मॅचच्या दिवसाची कमाई, म्हणजे तिकिटं, हॉस्पिटॅलिटी, खाणंपिणं मिळून १६.०३ कोटी. म्हणजे मॅचच्या दिवशी येणारा माणूस क्लबला साधारण चौथा हिस्सा देतो.

आता एक सोपं गणित करू. ओल्ड ट्रॅफर्डची क्षमता ७४ हजारांच्या आसपास आहे. लीगच्या १९ मॅच. प्रत्येक खुर्चीचं तिकीट सरसकट ५ पौंडांनी वाढवलं, तर वर्षाला जमतात साधारण ७० लाख पौंड. ऐकायला मोठी रक्कम आहे, पण क्लबच्या उत्पन्नाचा हा जेमतेम एक टक्का झाला. एखाद्या स्टार खेळाडूचा वर्षभराचा पगारही यातून कसाबसा निघेल.

म्हणजे सामान्य तिकिटाची किंमत वाढवून क्लब वाचत नाही आणि कमी करून बुडत नाही. घरातून मॅचला जाणाऱ्या माणसाला मात्र तेच ५-१० पौंड जाणवतात.

क्लबांची बाजूही ऐकायला हवी. लीगच्या आत्तापर्यंतच्या नियमांनुसार क्लबला तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नव्हता. मालकाकडे कितीही पैसा असला तरी तो हवा तसा ओतता येत नाही, म्हणून कमाईची प्रत्येक वाट महत्त्वाची ठरते, असं क्लब सांगतात. खेळाडूंचे पगार वाढलेत, स्टेडियम जुनी झालीत, हेही खरंच आहे. प्रश्न एवढाच की या खर्चाचा भार सगळ्यांत आधी कोणाच्या खिशावर टाकायचा.

७७व्या मिनिटाला लोक उठून गेले

फॅन्सनी हे मुकाट सहन केलं असं नाही.

फेब्रुवारी २०१६. लिव्हरपूलने पुढच्या सीझनसाठी सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचं जाहीर केलं. ६ तारखेला अ‍ॅनफिल्डवर सुंदरलँडविरुद्ध मॅच होती. लिव्हरपूल २-० ने पुढे. घड्याळात ७७वं मिनिट लागलं आणि हजारो लोक उठून स्टेडियमबाहेर चालू लागले. १० हजारांच्या आसपास लोक गेले असावेत, असा तेव्हाचा अंदाज होता. उरलेल्या वेळात सुंदरलँडने दोन गोल केले आणि मॅच २-२ अशी बरोबरीत सुटली. काही दिवसांतच मालकांनी माफी मागितली आणि ७७ पौंडांचं तिकीट मागे घेतलं.

त्याच वर्षी दुसरा मोठा विजय मिळाला. अवे फॅन्सच्या तिकिटाला २०१६-१७ पासून ३० पौंडांची कमाल मर्यादा लागली. आजच्या हिशेबाने साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. ही मर्यादा सगळ्या २० क्लबांना लागू आहे. पण ती फक्त पाहुण्या फॅन्ससाठी, आणि त्यांच्या वाट्याला येतात ३ हजार किंवा स्टेडियमच्या १० टक्के यातल्या कमी असतील तेवढ्या जागा. घरच्या तिकिटाला मर्यादा नाही.

तिथेच २०२४ मध्ये ठिणगी पडली. सीझन चालू असताना मँचेस्टर युनायटेडने सभासदांसाठी उरलेल्या तिकिटांचा दर एकदम ६६ पौंड केला. मुलांना सवलत नाही, ज्येष्ठांना नाही. त्याआधी सभासदांसाठीचं सर्वांत स्वस्त तिकीट मोठ्यांना ४० पौंड आणि लहान मुलांना २५ पौंड होतं. म्हणजे एक बाप आणि एक मुलगी मॅचला गेले तर आधी ६५ पौंडांत काम व्हायचं, आता १३२ पौंड. दुपटीहून जास्त. एका तिकिटाचे साडेसात हजारांहून अधिक रुपये झाले.

यानंतर एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या क्लबांचे फॅन गट तिकिटांच्या मुद्द्यावर एकत्र आले. निष्ठेचा गैरफायदा घेणं थांबवा, अशा अर्थाची मोहीम देशभर चालली.

या सगळ्यात मुलांची सवलत जाणं हा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. मॅचला जायची सवय आठव्या-दहाव्या वर्षी लागते. त्या वयात बापाला परवडलं नाही, तर तो मुलगा मोठा होऊन टीव्हीवर मॅच बघेल, जर्सीही घेईल, पण आठवड्याला स्टेडियममध्ये जाणारा माणूस होणार नाही.

मग टुरिस्ट फॅनचा दोष किती?

आता मूळ वादाकडे येऊ. क्लबच्या जागी बसून विचार करा. तुमच्याकडे एक खुर्ची आहे. ती सीझन तिकीटवाल्याला दिली, तर तो वर्षभर येईल, पण मॅचच्या पाच मिनिटं आधी. स्टेडियममधलं महाग खाणं घेणार नाही, बाहेरच्या पबमध्ये पिऊन येईल. जर्सी दोन-तीन वर्षांतून एकदा घेईल.

तीच खुर्ची दर मॅचला नव्या पाहुण्याला विकली, तर तो आयुष्यात एकदाच आलेला असतो. विमान, व्हिसा, हॉटेल यावर लाख-दोन लाख आधीच खर्च झालेले असतात. ब्रिटनच्या साध्या व्हिजिटर व्हिसालाच सव्वाशे पौंडांहून जास्त लागतात. असा माणूस तिकिटाला ४० पौंड पडले काय आणि ६६ पडले काय, मागे हटत नाही. वर स्टेडियम टूर करतो, म्युझियम बघतो, घरच्या सगळ्यांसाठी स्कार्फ घेतो. जेवणासकट मिळणारं हॉस्पिटॅलिटीचं महाग तिकीटही घेतो, कारण अनेकदा तोच एक अधिकृत आणि खात्रीचा मार्ग उरलेला असतो.

धंद्याच्या हिशेबाने क्लबला कोण हवासा वाटेल, हे उघड आहे.

म्हणून टुरिस्टने जागा खाल्ली हे म्हणणं अर्धवट आहे. किती खुर्च्या कोणासाठी राखायच्या आणि कोणत्या दराने, हे क्लब ठरवतो. पुण्याहून गेलेला फॅन दर ठरवत नाही. पण त्याच्यासारखे लोक कितीही पैसे देतील, हे क्लबला माहीत असतं, आणि त्या भरवशावर स्थानिक माणसाचा दर वाढतो, हेही नाकारता येत नाही. आपण कारण नसलो, तरी आपला वापर होतोय.

यात क्लबचंही एक नुकसान आहे. कोविडच्या काळात ते सगळ्यांनी बघितलं. २०२०-२१चा सीझन जवळपास रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. त्या सीझनच्या ३८० मॅचपैकी यजमान संघांनी १४४ जिंकल्या आणि पाहुण्यांनी १५३. इंग्लंडच्या वरच्या लीगच्या इतिहासात पाहुणे पुढे असण्याची ही पहिलीच वेळ होती. बाकीची कारणं असतीलही, पण घरच्या मैदानाचा जो फायदा म्हणतात, त्यात त्या ओरडणाऱ्या माणसांचा मोठा वाटा आहे.

आणि मॅचचं जे वातावरण बघायला आपण सात हजार किलोमीटर जातो, ते तोच सीझन तिकीटवाला तयार करत असतो. स्टँडमध्ये सगळेच मोबाईल वर धरून रेकॉर्डिंग करणारे बसले, तर रेकॉर्ड करायला काही उरणार नाही.

जर्मनीत वेगळं काय आहे?

दर ठरवण्यात फॅनला हात घालता आला तर काय होतं, याचं उदाहरण जर्मनीत आहे. तिथे '५० अधिक १' नावाचा नियम आहे. क्लब चालवणाऱ्या कंपनीत मतदानाचं बहुमत सभासदांच्या संस्थेकडे राहिलं पाहिजे. लेव्हरकुसेन, वोल्फ्सबर्गसारखे अपवाद आहेत, पण बहुतेक क्लबांत मालक आला आणि रात्रीत दर वाढवले असं सहज होत नाही.

डॉर्टमुंडचं स्टेडियम ८१ हजारांचं आहे. त्यातल्या दक्षिण स्टँडवर २५ हजारांच्या आसपास लोक उभे राहून मॅच बघतात. 'पिवळी भिंत' म्हणतात ती हीच. जर्मनीत उभ्या जागेची तिकिटं इंग्लंडच्या मानाने बरीच स्वस्त असतात. अनेक क्लबांच्या तिकिटात त्या दिवसाचा बस-ट्रेनचा प्रवासही धरलेला असतो.

तिथल्या फॅन्सनी सोमवारच्या रात्रीच्या मॅचना विरोध केला आणि २०२१-२२ पासून त्या बंद झाल्या. लीगमध्ये बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं ठरलं तेव्हा त्यांनी मैदानात टेनिसचे बॉल फेकून मॅच थांबवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो करार सोडून दिला.

याची किंमतही आहे. जर्मन लीगकडे इंग्लंडएवढा पैसा नाही, मोठे खेळाडू तिकडे जातात, आणि २०१३ ते २०२३ अशी सलग ११ वर्षं एकटं बायर्न म्युनिक लीग जिंकत होतं. फॅनचं ऐकलं की सगळं छान होतं असं नाही. पण तिकीट परवडतं, एवढं खरं.

आता सरकार काय करतंय?

इंग्लंडमध्ये गोष्ट सरकारपर्यंत पोचली ती २०२१ मध्ये. एप्रिलमध्ये युरोपातल्या १२ श्रीमंत क्लबांनी वेगळी सुपर लीग जाहीर केली. त्यात ६ इंग्लिश क्लब होते. फॅन रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत या सहाही क्लबांनी माघार घेतली. त्यातून सरकारी समिती आली, अहवाल आला आणि अखेर जुलै २०२५ मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स अ‍ॅक्ट हा कायदा झाला.

या कायद्याने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला. वरच्या पाच लीगमधले ११६ क्लब त्याच्या कक्षेत येतात. घरचं मैदान विकायचं तर त्याची परवानगी लागेल. क्लबचं चिन्ह किंवा मुख्य रंग बदलायचे तर फॅन्सची संमती लागेल. तिकिटांच्या दरांबद्दल फॅन्सशी चर्चा करावी लागेल.

इथे नीट वाचा. चर्चा करावी लागेल, असं आहे. दर किती असावा हे नियामक ठरवणार नाही. चर्चा करूनही क्लब ६६ पौंड ठेवू शकतो. पण आधी सीझनच्या मध्यात अचानक दर बदलता यायचे, आता निदान आधी समोर बसून कारण सांगावं लागेल.

जगभरात वारं मात्र उलट्या दिशेने वाहतंय. २०२६च्या वर्ल्ड कपसाठी फिफाने मागणीप्रमाणे दर बदलणारी पद्धत आणली. आपण विमानाच्या तिकिटात अनुभवतो, तशीच. डिसेंबर २०२५ मध्ये देशोदेशीच्या कट्टर फॅन्ससाठीच्या कोट्याचे दर बाहेर आले, तेव्हा फायनलचं सर्वांत स्वस्त तिकीट ४,१८५ डॉलरचं निघालं. टीका एवढी झाली की काही दिवसांत फिफाने प्रत्येक मॅचसाठी ६० डॉलरची काही तिकिटं जाहीर केली. पण ती त्या कोट्याच्या दहाव्या हिश्शाएवढीच. शिवाय फिफाच्या साईटवर तिकीट पुन्हा विकलं, तर फिफा विकणाऱ्याकडून १५ टक्के आणि घेणाऱ्याकडून १५ टक्के घेते.

ज्यांनी वेगळी वाट धरली

काही फॅन्सनी भांडण सोडून सरळ नवा क्लब काढला. २००५ मध्ये अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून मँचेस्टर युनायटेड विकत घेतला आणि ते कर्ज क्लबवरच आलं. चिडलेल्या फॅन्सनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा क्लब स्थापन केला. तो खालच्या लीगमध्ये खेळतो, सभासदांच्या मालकीचा आहे, प्रत्येक सभासदाला एक मत. २०१५ मध्ये त्यांनी स्वतःचं मैदानही उभं केलं.

लंडनमध्ये विम्बल्डनचा क्लब उचलून शंभरेक किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला नेला, तेव्हा २००२ मध्ये फॅन्सनी एएफसी विम्बल्डन काढला. तळातून सुरुवात करून तो चौथ्या, मग तिसऱ्या लीगपर्यंत चढला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या भागात, प्लाव लेनवर परतला.

तुम्ही जाणार असाल तर हे लक्षात ठेवा

जायलाच नको असं कोणी म्हणत नाहीये. पण नीट जा.

पहिली गोष्ट, तिकीट फक्त क्लबकडून घ्या. आधी क्लबची अधिकृत मेंबरशिप घ्यावी लागते, मग विक्री किंवा लॉटरीत नंबर लागू शकतो. नाही लागला तर क्लबचीच पुनर्विक्रीची सोय असते. तिथे ज्याला जायला जमत नाही त्या सभासदाची जागा मिळते.

दुसरी, व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरच्या तिकिटांपासून लांब राहा. इंग्लंड आणि वेल्समध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे. सिनेमा-नाटकाच्या तिकिटाचा काळाबाजार आणि हे, यात तिथे फरक आहे. दंगेखोर फॅन चुकीच्या स्टँडमध्ये घुसू नयेत म्हणून हा नियम आला. दुसऱ्याच्या नावाचं तिकीट घेऊन गेलात, तर क्लब ते रद्द करू शकतो आणि तुम्हाला गेटवरून परत पाठवू शकतो. तेव्हा विकणारा फोन उचलत नसतो.

तिसरी, विमानाचं तिकीट घट्ट धरू नका. जूनमध्ये वेळापत्रक येतं, पण टीव्हीवाले मॅच निवडतात तसे तारीख आणि वेळ बदलतात. शनिवारची मॅच सोमवारी जाऊ शकते. मॅचच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन दिवस मोकळे ठेवा.

चौथी, कोणत्या स्टँडचं तिकीट आहे ते बघा. यजमानांच्या भागात पाहुण्या टीमची जर्सी घालून बसलात तर बाहेर काढतात. आणि मैदान दिसतं अशा जागी दारू पिणं १९८५च्या कायद्याने बंद आहे, त्यामुळे ग्लास घेऊन खुर्चीवर जाऊ नका.

पाचवी, खालच्या लीगची एक तरी मॅच बघा. मँचेस्टरला गेलात तर स्टॉकपोर्ट काउंटी जवळच आहे. लिव्हरपूलहून मर्सी नदी ओलांडली की ट्रॅनमिअर रोव्हर्स. लंडनमध्ये लेटन ओरिएंट. तिकीट मिळतं, दर बरेच कमी असतात, आणि बाजूच्या खुर्चीवर असा माणूस बसलेला असण्याची शक्यता जास्त, जो तीस वर्षं तिथेच येतोय. बॉब लॉर्ड यांनी शनिवारच्या दुपारी टीव्ही बंद ठेवायचा आग्रह धरला होता तो याच क्लबांसाठी. तुमच्या तिकिटाचे पैसेही तिथे जास्त कामी येतात, कारण टीव्हीचा मोठा पैसा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

आणि ओल्ड ट्रॅफर्डला जागा मिळालीच, तर शेजारच्या काकांना विचारा की ते किती वर्षं येतायत, तिकिटाला किती पडले आणि पुढच्या वर्षी येणार का. या वादाची बाजू घेण्याआधी त्यांचं उत्तर ऐकलेलं बरं.